डिपरची रेघ

दिवाळी अंकासाठी दिव्यांवर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मला हसू आलं. माझा संबंध ज्या दिव्यांशी आला त्यांना तेल-वात लागत नाही, बॅटरी लागते. त्यांची आरासही कुणी करत नाही, उलट ते समोरून आले की लोक शिव्या घालतात. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. औंढा नागनाथला हिंगोली रस्त्यावर माझं दुकान आहे. हॉर्न, सेल्फ, वायरिंग आणि हेडलाइट ही माझी कामं. लोक करीम मिस्त्री म्हणतात, बरेचसे नुसतंच मिस्त्री. सगळी उमर गाड्यांच्या तोंडासमोर उकिडवं बसून गेली, तेव्हा या दिव्यांबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

हेडलाइटचं काम म्हणजे बल्ब बदलणं, असा बाहेरच्यांचा समज असतो. बल्ब कुणीही बदलतो. उजेड कुठं पडावा आणि कुठं पडू नये, हे ठरवणं हे खरं काम. अप्पर म्हणजे लांबवर जाणारा उजेड, तो मोकळ्या रस्त्यासाठी. समोरून कुणी आलं की डिपर द्यायचा, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. पण डिपरही नीट बसवलेला नसेल तर तो द्या की न द्या, सारखंच.

तो बसवायला मला एक भिंत लागते. दुकानाच्या बाजूला सपाट मोकळी जागा आहे आणि तिच्या टोकाला एका गोडाऊनची सलग भिंत. गाडी त्या भिंतीकडे तोंड करून लावायची, दिव्याची उंची मोजायची आणि भिंतीवर त्याहून थोडी खाली आडवी रेघ मारायची. डिपर लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेवर बसली पाहिजे. हे काम भर उन्हात दिसत नाही, म्हणून मी ते दिवेलागणीला करतो. दिव्याची बाहेरची कडी काढून मी बाजूचा स्क्रू फिरवत बसतो, भिंतीकडे माझी पाठ असते, आणि ड्रायव्हर स्टेअरिंगवरून सांगतो, वर घ्या, खाली घ्या, बस्स.

यात आमच्या भागाची एक खासियत आहे. कंपनी दिवे बसवते ते रिकाम्या गाडीचे. आमच्याकडची जीप रिकामी धावते कधी? मागं माणसं, टपावर हळदीची नाहीतर सोयाबीनची पोती, पायरीवर दोघं उभे. मागचा भाग दबतो, तोंड वर होतं आणि डिपर जातो लिंबाच्या शेंड्याला. माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की गाडी जशी चालते तशीच ती भिंतीसमोर उभी करायची. म्हणून मी वजन बसवून सेटिंग करतो. शेजारी गंगाधरचं चहाचं हॉटेल आहे. मी आवाज दिला की गंगाधर ओरडतो, "चला रे, वजनाला!" आणि लोक कपबशी हातात घेऊनच जीपमध्ये जाऊन बसतात. काही माणसं मला या कामासाठी विशेष प्रिय आहेत. त्यात पहिला मान मारोतरावांचा. जवळच्याच वस्तीवरचे शेतकरी, बैलगाडी घेऊन रोज गावात येणारे, आणि एकटे दोन पोत्यांच्या तोडीचे. बाहेरगावचे भाविक कधी गाडी घेऊन येतात आणि विचारतात, हे लोक आत काहून बसले? गंगाधर गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "दर्शनाला."

मग एलईडी आले. चांगली वस्तू आहे, बॅटरी कमी खाते, टिकते. ज्या गाडीचा दिवाच मुळात एलईडीसाठी घडवलेला असतो तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब कोंबण्याबद्दल. जुन्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते आणि मागची चकचकीत परात उरलेला उजेड रस्त्यावर टाकते. तार आणि परात यांचं हे जमलेलं असतं. त्यात दुसरा बल्ब घातला की उजेड ठरल्या जागेवरून सुटत नाही आणि वाट्टेल तिकडं उडतो. झाडावर, आभाळात आणि सगळ्यात जास्त समोरच्याच्या डोळ्यांत. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय उजेड पडला!

एका मोटारसायकलवाल्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री, समोरच्यानं बाजूला घेतली पायजे गाडी." मी म्हटलं, "बाजूला घ्यायला त्याला बाजू तर दिसली पायजे." तो गेला आणि पुढच्या दुकानातून बसवून आला. जाताना मला अप्पर मारून गेला.

मला स्वतःला या पांढऱ्या दिव्यांचा आणखी एक राग आहे. त्यांच्याभोवती एक गोल कडं दिसतं, धुरकट, चंद्राला खळं पडल्यासारखं. पूर्वीच्या पिवळ्या दिव्यांना असं नव्हतं. तसं पूर्वीचं बरंच काही आता राहिलेलं नाही. हल्ली कंपन्या वायरींचे रंगसुद्धा इतके फिके काढतात की लाल कुठली आणि तपकिरी कुठली ते कळत नाही. माझी बायको म्हणते, चष्मा लावा. मी म्हणतो, वायरीला लाव.

आता दगडूभाऊंबद्दल सांगतो. औंढा ते हिंगोली काळी-पिवळी चालवणारा हा माणूस माझ्याच वयाचा, बोलायला कमी, चालवायला सावकाश. त्यांच्या जीपला कधी ओरखडा गेलेला मी पाहिला नाही. कॉलेजच्या पोरींचे बाप पोरींना सांगायचे, दगडूभाऊची जीप येईपर्यंत थांबा. बाजारच्या बायका, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळी त्यांचीच वाट पाहायची. स्टँडवर नंबर लावण्यावरून भांडणं होतात, पण दगडूभाऊंना त्यात कधी पडावं लागलं नाही. लोक आपणहून येऊन बसायचे.

एक दिवस ते आले आणि म्हणाले, "मिस्त्री, उजेड कमी पडून राहिला."

मी दिवे उघडले, परात पुसली, बल्ब बदलले. काही दिवसांनी परत तेच. मी रिले टाकला, अर्थिंग तपासली, वायर जाड टाकली. मीटर लावून पाहिलं तर करंट बराबर येत होता. तरी पुन्हा आले, "कमीच हाय." मी हात टेकले. शेवटी तेच म्हणाले, "ते पांढरं बसवा." मी नको म्हणालो, जुन्या दिव्यात ते का बसत नाही तेही सांगितलं. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बसवा मिस्त्री. माहा इलाज न्हाई." त्यांचा तो आवाज मला तेव्हा कळायला हवा होता. मी बल्ब बसवून दिले.

आठवडाभर ते खुशीत होते. मग एका सकाळी मारोतराव बैलगाडी घेऊन थेट दुकानासमोर येऊन थांबले. खाली उतरले नाहीत. बैलांकडे हात करून म्हणाले, "सांगा ह्यायला. तुमीच सांगा."

"काय सांगू?"

"काल सांजच्याला दगडूची जीप आली समोरून. बैलायच्या डोळ्यात गेलं ते लाइट. बुजले आन गाडी घातली नालीत. म्या तिच्यातून पडलो. मी पडलो त्याचं काही न्हाई, पर आता ह्यो डावा बैल जीपचा आवाज आला की मान फिरवून राहिला. काय सांगू त्याला? मिस्त्रीनं बसवलं म्हनून?"

डावा बैलही माझ्याकडेच पाहत होता. मी मारोतरावांना चहा पाजला आणि म्हटलं, आज दगडूभाऊंना बोलावतो, तुम्ही स्वतः वजनाला बसा, तुमच्यासमोर लाइट खाली आणतो.

त्या दिवशी दिवेलागणीला दगडूभाऊ हिंगोलीची फेरी भरूनच आले. मागं एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसलेली, दोन कॉलेजच्या पोरी, बाजारचे तीन-चार लोक, आणि वरून मारोतराव. वजन झकास जमलं होतं. मी दिव्याची कडी काढली, स्क्रूला पेचकस लावला आणि सवयीनं विचारलं, "रेघ दिसली का दगडूभाऊ?"

"दिसली की."

"उजेड कुठं हाय?"

"रेघेच्या वर हाय. घ्या थोडं खाली." मी फिरवला. "आनखी थोडं. बस्स. बराबर रेघेवर बसलं."

मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीफटक होती. गोडाऊनच्या मालकानं त्याच दुपारी तिला चुना मारून घेतला होता. या जीपची माझी नेहमीची रेघ चुन्याखाली गेली होती आणि ती आहेच असं धरून मी नवी मारलीच नव्हती.

आधी वाटलं, गंमत करतायत. पण दगडूभाऊ गंमत करणारा माणूस नव्हे. ते स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून सरळ समोर बघत होते, आणि मी काय म्हणतो याची वाट पाहत होते. त्यांच्या मागं ते लेकरू आईच्या मांडीवर पेंगत होतं. दिवे कमी नव्हतेच कधी. मी इतके दिवस चुकीच्या जागी करंट मोजत होतो.

बोललो असतो तर पोरींनी ऐकलं असतं, मारोतरावांनी ऐकलं असतं, आणि मारोतरावांनी ऐकलेली गोष्ट सकाळी स्टँडवर पोचली असती. दगडूला दिसत नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. डोळे पुढं बरे झाले असते तरी जीपमध्ये परत कुणी बसलं नसतं. आणि न बोललो असतो तर ही सगळी माणसं घेऊन ते अंधारात हिंगोलीला निघाले असते.

मी उठलो, बॉनेट उघडलं, आत वाकून हेडलाइटचा फ्यूज उपटला. दिवे गेले. मग मी मोठ्यानं ओरडलो, "गेलं! वायरिंग जळलं! ही गाडी आता हलणार न्हाई."

मागून गलका झाला. एक जण म्हणाला, "चांगली चालती गाडी होती, तुमी हात लावला आन जळली?" मारोतराव तर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. "आधी माहे बैल, आता जीप. मिस्त्री, तुमी दुकानाला कुलूप लावा." पोरी आणि ती बाई पाठोपाठ आलेल्या एसटीनं गेल्या. बाकीचे कुरकुरत पांगले. गंगाधरसुद्धा माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहत होता, कारण माझ्या हातून वायरिंग जळलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मलाही ते ऐकून घेताना जड गेलं. आपल्या हाताचा मला गर्व आहे, तो का लपवू?

सगळे गेल्यावर दगडूभाऊ खाली उतरले, बॉनेटपाशी आले आणि नाक पुढं करून म्हणाले, "जळल्याचा वास न्हाई येत मिस्त्री."

"न्हाई. भिंतीवर रेघ बी न्हाई."

ते चालत भिंतीपर्यंत गेले. तिच्यावर तळहात ठेवला, आडवा लांबवर फिरवला. मग तो पांढरा झालेला हात डोळ्यांजवळ आणून बघत तिथंच उभे राहिले.

मी गंगाधरकडून दोन चहा आणले आणि आम्ही जीपच्या पायरीवर बसलो. हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरापासून असं होत होतं. दिव्यांभोवती कडी दिसत होती. समोरची गाडी निघून गेली तरी डोळ्यांपुढं पांढरंच राहायचं. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आईचा मोतीबिंदू त्या काळी कुठंतरी काढला होता आणि तिचा तो डोळा गेला होता, ती भीती मनात बसलेली.

"कडी तर मलाही दिसतात," मी म्हटलं. "एलईडीचं तसंच असतं."

"माह्यं तसं न्हाई मिस्त्री. मला तर कंदिलाभवती बी दिसतंय." मग म्हणाले, "पर रस्ता पाठ हाय मला. कुठं खड्डा, कुठं वळण, समदं पाठ."

"रस्ता पाठ हाय. रस्त्यावरचं मानूस पाठ हाय का? मारोतरावाची गाडी पाठ होती का?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि तोंडावरून उपरणं ओढून घेतलं. मोठा माणूस रडतो तेव्हा शेजारी बसलेल्यानं कुठं बघावं, हे मला अजून कळलेलं नाही. मी भिंतीकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

जीप माझ्या जागेवर उभी राहिली. कुणी विचारलं की मी सांगायचो, वायरिंगचं सामान नांदेडहून यायचंय. दगडूभाऊ लेकीकडे कळमनुरीला गेलेत म्हणायचं, म्हणजे ते खरंही होतं, तिनंच त्यांना हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी एक डोळा झाला, मग मध्ये थांबून दुसरा. तेवढे सगळे दिवस माझ्या कामाची अब्रू त्या जीपसोबत उन्हात उभी होती. मिस्त्रीला आता जमत न्हाई, हात थरथरतो, असं लोक बोलायचे. काही जुनी गिऱ्हाईकं पुढच्या दुकानात जायला लागली. मारोतराव तर येता-जाता बैलांना ऐकवायचे, "बगा रं, अजून तिथंच हाय." मला राग यायचा आणि लागायचंही. पण चुना लागलेला तो हात आठवला की मी गप्प बसायचो.

एका संध्याकाळी एसटीतून दगडूभाऊ उतरले. ऑपरेशननंतरचा काळा चष्माही आता नव्हता. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमी लय म्हातारे झाले की."

मी म्हटलं, "आरसा बघितला का?"

"बगितला. म्हनून तर तुमाला बगायला आलो, म्हनलं सोबतीला कोनी हाय का." इतक्या वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद असावा. मग एकदम गंभीर झाले. "आधी हे पांढरं लाइट काढा. आत्ता एसटीत पुढं बसलो होतो. समोरून एक जीप आली असंच लाइट घेऊन. ड्रायव्हरनं हात आडवा धरला डोळ्यावर. आपुन बी लोकायला हेच करत होतो का वो?"

मी बल्ब काढले. जुने हॅलोजन जपून ठेवले होते तेच परत बसवले, फ्यूज जागेवर लावला. गंगाधरनं हाक दिली, "चला रे, वजनाला!" आणि सगळ्यांच्या आधी मारोतराव जाऊन बसले. जीप सुरू होतेय म्हटल्यावर त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झालेला दिसला. दिवेलागण झाली होती. मी उंची मोजली, खडू घेतला, भिंतीवर रेघ मारली आणि दिव्यापाशी येऊन बसलो.

"रेघ दिसली का दगडूभाऊ?"

"दिसली."

"कशी हाय?"

"वाकडी हाय मिस्त्री."

मागं बसलेले हसले. मीही हसलो, उठलो, भिंतीपाशी गेलो. मला तर सरळ दिसत होती. तरी पुसली आणि नीट हात धरून परत मारली. "आता?"

दगडूभाऊ हसले नाहीत. खाली उतरून माझ्याजवळ आले, भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी पट्टी उचलली आणि माझ्या रेघेला लावून दाखवली. रेघ एका टोकाला चांगली चार बोटं खाली गेली होती. कधीपासून मी अशा रेघा मारत होतो?

दगडूभाऊंनी माझा खांदा धरून मला जीपकडे वळवलं. दिवे चालू होते. अगदी हळू आवाजात, मागच्यांना ऐकू जाणार नाही असं, त्यांनी विचारलं, "ह्या दिव्याभवती कडं दिसतंय का?"

"दिसतंय ना. एलईडीचं तसंच..."

"मिस्त्री, ह्यो हॅलोजन हाय. आत्ता तुमीच बसवला."

त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला, पट्टीच्या आधारानं रेघ मारली आणि पेचकसही घेतला. मला जीपमध्ये मारोतरावांच्या शेजारी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वजनाला बसलो. त्या जागेवरून भिंत फार लांब दिसते. दगडूभाऊंनी स्वतः स्क्रू फिरवून डिपर रेघेवर आणला.

मग चावी खिशात टाकत मला म्हणाले, "उद्या सकाळी पहिल्या फेरीला तयार राहा. हिंगोलीला तोच डॉक्टर हाय, भिऊ नका, काही दुखत न्हाई."

गंगाधर कप गोळा करायला आला होता. त्यानं अर्धवटच ऐकलं. "काहून? मिस्त्री उद्या दुकान बंद ठेवनार? काय झालं?"

मारोतरावांनीही कान टवकारले. दगडूभाऊ माझ्याकडे पाहतही नव्हते. त्यांनी शांतपणे बॉनेटवरची धूळ पुसली.

"काही न्हाई," ते म्हणाले. "मिस्त्रीचं वायरिंग जळलंय. सामान हिंगोलीहून आनावं लागंल."